थंडीतला स्लॅब आणि दह्याचं विरजण

संक्रांतीनंतर चार-पाच दिवसांनी ताईने घणसोलीहून फोटो पाठवला. गावठाणातल्या जुन्या घराच्या जागी ती आणि दाजी नवं घर बांधताहेत, तळमजला आणि वर एक. फोटोत पहिला स्लॅब होता. टाकून तीन दिवस झालेला, पांढराफटक, ठणठणीत कोरडा. खाली तिने लिहिलं होतं, 'छान वाळलाय ना?'

मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पुढची लोकल पकडली.

साइटवर मुकादम चहा पीत बसले होते. सोलापूरकडचे, वीसेक वर्षं याच कामात मुरलेले. स्लॅबवर पाणी का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, 'साहेब, उन्हाळ्यात आम्ही दिवसातनं तीनदा पाणी मारतो. आता थंडी हाय. ओलाच ठेवला तर वाळायचा कधी?' दाजींनीही मान डोलावली.

मुकादमांना दोष देण्यात अर्थ नाही. 'वाळायचा कधी' हा प्रश्न मला इंजिनियरांच्या घरातही ऐकू आला आहे. ओला चिखल उन्हात कडक होतो, तसंच सिमेंटचंही होत असणार, असं आपण धरून चालतो. पण वाळलेल्या चिखलावर पाऊस पडला की त्याचा पुन्हा चिखल होतो. काँक्रीटचा होत नाही. आपल्या समोरच्याच खाडीवर २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू उभा आहे. त्याच्या पाण्यातल्या खांबांना वाळवायला कोण गेलं होतं? सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं, कारण ते वाळून घट्ट होतच नाही. ते पाणी पिऊन घट्ट होतं.

ताईला मी दह्याचं उदाहरण दिलं. रात्री दुधाला विरजण लावलं, सकाळी दही लागलं. पातळ होतं ते घट्ट झालं, पण पातेल्यातलं पाणी कुठे उडून गेलं नाही. आणि थंडीत दही लागायला उशीर होतो, म्हणून आपण पातेलं गुंडाळून ठेवतो, झाकण काढून वाऱ्यावर ठेवत नाही. उपमा इथवर चालते. पुढे ती थकते, कारण दह्यात पाणी नुसतं अडकून बसतं आणि सिमेंटमध्ये ते दगडाचा भाग होऊन जातं.

हे 'दगडाचा भाग होणं' मला रसायनशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या गोष्टींपैकी एक वाटतं, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

सिमेंटच्या कारखान्यात चुनखडी आणि माती साधारण १४५० अंश सेल्सिअसला भाजतात. त्यातून जी खनिजं तयार होतात, त्यांतलं मुख्य म्हणजे ट्रायकॅल्शियम सिलिकेट. पाणी मिळालं की त्याची पहिली काही मिनिटं खळबळ होते, थोडी उष्णता निघते आणि मग सगळं शांत. ही शांतता दोन-तीन तास टिकते. त्या अवधीतच मिक्सरची गाडी घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून साइटवर पोचते आणि माल पसरून, व्हायब्रेटर मारून होतो. ही शांतता नेमकी कशामुळे, यावर संशोधकांचे वाद अजून मिटलेले नाहीत. ती संपली की सिमेंटच्या प्रत्येक कणाभोवती एक चिकट पदार्थ वाढू लागतो. त्याचं नाव कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, लाडाने सी-एस-एच. शेजारच्या कणांवरचे थर एकमेकांत घुसतात, खडी आणि वाळूला मिठी मारतात. काँक्रीटची सगळी ताकद मुख्यतः या मिठीची.

आता खरी गंमत. जेवढ्या आकारमानाचं सिमेंट पाण्याशी संयोग पावतं, त्याच्या दुपटीहून थोडी जास्त जागा त्यातून तयार झालेला हा पदार्थ व्यापतो. ही जागा येते कुठून? सुरुवातीला कणांच्या मधे जे पाणी होतं, त्या पाण्याच्या जागेतून. म्हणजे ओल्या काँक्रीटमध्ये पाण्याच्या बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि सी-एस-एच ते आतून बुजवत जातं. पुरेसं बुजलं की नळ्या एकमेकींपासून तुटतात. पाण्याला आरपार जायला वाट उरत नाही.

या नळ्या तुटायला किती दिवस लागतात, याचे आकडे सिमेंटवर काम करणारे अमेरिकी संशोधक पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दिले. पाणी आणि सिमेंटचं वजनी गुणोत्तर ०.४० असेल तर ३ दिवस. ०.४५ ला ७ दिवस. ०.५० ला १४ दिवस. आणि ०.६० ला? सहा महिने. ०.७० ला एक वर्ष, त्याच्या पुढे कधीच नाही. हे आकडे पुन्हा एकदा वाचा. ५० किलोच्या एका पोत्याला २५ लिटर पाणी म्हणजे ०.५०. 'माल जरा घट्ट वाटतोय' म्हणून एखाद्याने आणखी पाच लिटर ओतलं, की ०.६०. त्या पाच लिटरांनी दोन आठवड्यांचं काम सहा महिन्यांवर नेलं, आणि सहा महिने स्लॅबवर पाणी कोणी मारत नाही.

हुशार वाचक इथे अडवेल. सिमेंटला रासायनिक संयोगासाठी वजनाच्या २३ टक्क्यांच्या आसपास पाणी लागतं. आणखी १९ टक्के त्या सी-एस-एचच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून राहतं. मिळून ४२ टक्के. आपण तर ५० टक्के घालतो, मग वरून पाणी कशाला? कारण हे पाणी आत टिकलं तर ना. छिद्रांमधली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली उतरली की ही क्रिया जवळजवळ थांबते. छिद्रं कोरडी व्हायची गरज नाही, ८० च्या खाली आली तरी पुरे. स्लॅबच्या पोटात ओल महिनोन्‌महिने राहते, तिथली काळजी नको. कोरडी पडते ती वरची दोन-तीन सेंटीमीटरची कातडी.

आणि इथे आपल्या थंडीचा संबंध येतो, तोही लोकांना वाटतो त्याच्या उलट.

पाणी किती वेगाने उडतं हे हवेच्या गारव्यावरून ठरत नाही. काँक्रीटच्या पृष्ठभागावरचा बाष्पदाब, म्हणजे पाण्याच्या वाफेचा दाब, आणि हवेतला बाष्पदाब यांच्या फरकावर ते ठरतं, वर वाऱ्याचा हातभार. ३० अंशांच्या ओल्या काँक्रीटचा बाष्पदाब ४.२४ किलोपास्कल. जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरा, म्हणजे हवेतला बाष्पदाब साधारण ३.२. फरक एकचा. जानेवारीच्या दुपारी हवा ३० अंश आणि आर्द्रता ४० टक्के धरा. हवेतला बाष्पदाब १.७, फरक अडीचचा. म्हणजे पावसाळ्याच्या अडीचपट वेगाने पाणी उडणार. कोकणात हिवाळ्यात ईशान्येकडून जमिनीवरचा कोरडा वारा येतो, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. ताईच्या बाथरूममध्ये व्हॅसलिनची डबी होती. 'तुझ्या टाचेला कळलं ते स्लॅबला नाही कळणार?' असं म्हटल्यावर तिने पहिल्यांदा माझं बोलणं मनावर घेतलं.

गणित अजून एक पाऊल पुढे नेतो, ज्यांना कंटाळा आला त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. बाष्पीभवनाचं एक प्रचलित सूत्र आहे. त्यात जानेवारीचे हे आकडे आणि ताशी २० किलोमीटरचा वारा घातला तर दर चौरस मीटरमधून तासाला एक किलोहून जास्त पाणी उडतं. ताज्या काँक्रीटसाठी एक किलो ही धोक्याची रेघ मानतात. तिच्या पलीकडे, माल ओला असतानाच, वरच्या पापुद्र्याला केसासारख्या भेगा पडायची भीती असते. या भेगा दुसऱ्या दिवशी पाणी मारून भरून येत नाहीत. म्हणून पहिल्या संध्याकाळीच स्लॅबवर प्लॅस्टिक किंवा ओलं गोणपाट अंथरायला हवं.

मग थंडीचं काय? ती काही करतच नाही का? करते, पण आपल्याकडे थोडं. काँक्रीटचं 'वय' मोजायची एक सोपी रीत आहे: तापमानात दहा मिळवा आणि दिवसांनी गुणा. २७ अंशांना सात दिवस म्हणजे ३७ गुणिले ७, बरोबर २५९. दिवसरात्रीचं सरासरी तापमान २२ असेल तर रोजचे ३२, मग २५९ ला पोचायला आठ दिवस. फरक एका दिवसाचा. थंडीतल्या काँक्रीटसाठी भारतीय मानकात वेगळे नियम आहेत, पण ते ५ अंशांखालच्या हवेसाठी. तेव्हा 'थंडीत माल गरम पाण्यात कालवा' असा सल्ला देणारे व्हिडिओ मनालीच्या साइटसाठी सोडून द्यावेत. उलट हळूहळू, गारव्यात मुरलेलं काँक्रीट पुढे जाऊन उन्हाळ्यातल्यापेक्षा थोडं सरस ठरतं. घाईत झालेल्या क्रियेत कणांभोवती दाट कवच बसतं आणि आतल्या सिमेंटपर्यंत पाणी पोचत नाही, संथ क्रियेत सी-एस-एच सगळीकडे सारखं पसरतं. हिवाळा बांधकामाला चांगलाच ऋतू आहे. अट फक्त पाण्याची.

मुहूर्ताबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. धनुर्मासात स्लॅब नको म्हणून दाजींनी काम संक्रांतीपर्यंत थांबवलं. तेवढे आठवडे सिमेंटची पोती शेडमध्ये हवेतली ओल पीत पडली आणि चार पोत्यांत गाठी झाल्या. स्लॅबच्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुढच्या कोपऱ्यातल्या कॉलमला नजर लागू नये म्हणून काळी बाहुली टांगली होती आणि त्याच कॉलमला गोणपाट नव्हतं. उभ्या कॉलमवर पाणी थांबत नाही, सगळ्यात आधी कोरडा पडतो तोच.

त्या कोरड्या कातडीची मला एवढी काळजी का, तर आतली सळई तिच्याच भरवशावर असते. सिमेंटच्या क्रियेत चुनाही तयार होतो, त्याने काँक्रीट इतकं अल्कधर्मी राहतं की सळईवर एक संरक्षक पापुद्रा टिकतो आणि गंज चढत नाही. घणसोली ठाणे खाडीच्या काठावर आहे. हवेत मीठ आहे. कातडीतल्या नळ्या उघड्या राहिल्या तर मिठातलं क्लोराइड आत झिरपतं, तो पापुद्रा फोडतं आणि गंजाने फुगलेली सळई दहा-पंधरा वर्षांत छताचे पोपडे पाडते. आपल्या जुन्या वसाहतींतल्या बाल्कन्यांकडे मान वर करून पाहिलं तरी हे दिसेल.

यातलंच एक पोटप्रकरण ताईच्या अंगणात निघालं. पाणी मारायला घेतलेली नळी बोअरवेलची होती. मी जिभेवर घेतलं तर चक्क खारट. मानकानुसार सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलीग्रॅमच्या आत हवं आणि क्युरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायच्या, पाण्यालाही हाच दंडक लावावा. टँकर मागवला. दाजी कपाळाला हात लावून बसले.

त्या दुपारी स्लॅबवर सिमेंट-वाळूची आळी बांधून पाणी भरलं. कॉलमांना गोणपाट गुंडाळलं. वाऱ्यात ते दोन तासांत सुकतं आणि सुकलेलं गोणपाट काँक्रीटमधलंच पाणी शोषतं, म्हणून ते भिजवायचं काम भाच्याकडे दिलं. किती दिवस? साध्या सिमेंटला मानक निदान सात दिवस सांगतं. पण ताईचं सिमेंट फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रातली बारीक राख, मिसळलेलं, तिथे किमान दहा, आणि शिफारस चौदाची. फ्लाय अॅश स्वतः पाण्याशी फारशी बोलत नाही. ती आधी तयार झालेला चुना खाऊन नवं सी-एस-एच करते, म्हणजे तिची पंगत दुसरी. सातव्या दिवशी पाणी बंद केलं तर ती उपाशीच राहणार. तीन कोरडे दिवस पूर्ण भरून निघतील असं मी ताईला सांगितलं नाही. पण आतली ओल शाबूत होती, पाणी मिळालं की थांबलेली क्रिया पुन्हा बरीच पुढे सरकते.

मुकादम हे सगळं ऐकत होते. शेवटी त्यांनी नेमका प्रश्न विचारला: 'मग टेके कधी काढायचे?' टेके म्हणजे ओल्या स्लॅबला खालून दिलेले तात्पुरते खांब. स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर सात दिवस, त्याहून मोठा असेल तर चौदा, असं आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं. बहुतेक मुकादमांना हे तोंडपाठ असतं. त्या कोष्टकाच्या वरची ओळ मात्र कोणी वाचत नाही: हवेचं तापमान १५ अंशांच्या खाली जात नसेल, सिमेंट साधं असेल आणि क्युरिंग नीट झालं असेल तर. आमच्याकडे पहाटे पारा पंधराच्या आसपास उतरत होता, सिमेंट मिसळलेलं होतं, आणि क्युरिंगचे पहिले तीन दिवस कोरडे गेले होते. हॉलचा गाळा पावणेपाच मीटरचा. मी एकवीस दिवस म्हणालो.

टेके अजून जागेवर आहेत. प्लेटांच्या भाड्यासाठी सेंट्रिंगवाल्याचा फोन रोज सकाळी दाजींना येतो आणि दाजी त्याला माझा नंबर देतात.