५६.३०३ सेकंदांचा किलोमीटर

७ डिसेंबर २०१३ रोजी मेक्सिकोतल्या आग्वासकालिएंतेसच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर, फ्रान्सचा सायकलपटू फ्रान्स्वा पेर्विसने जागेवरून सुटून एक किलोमीटर विश्वविक्रमी ५६.३०३ सेकंदांत कापला. सरासरी वेग ताशी ६४ किलोमीटर. आदल्याच दिवशी धावत्या सुरुवातीच्या (आधीच वेग घेऊन मोजल्या जाणाऱ्या) २०० मीटरचा विश्वविक्रम त्याने ९.३४७ सेकंदांवर आणला होता.

या वेगाला सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवायचा तर शक्ती ३३ टक्के जास्त हवी. आग्वासकालिएंतेस सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे, म्हणून तिथली हवा समुद्रकाठच्यापेक्षा जवळपास पाचव्या हिश्श्याने विरळ. ऑक्सिजनही तेवढाच कमी, पण मिनिटभराच्या शर्यतीत बरीचशी ऊर्जा स्नायूंत साठलेल्या क्रिएटिन फॉस्फेट आणि ग्लायकोजेनपासून ऑक्सिजनशिवायच मिळते. त्यामुळे सौदा फायद्याचा. पेर्विसचाच देशबंधू आर्नो तूर्नां २००१ मध्ये बोलिव्हियातल्या ला पाझला याहून कितीतरी उंच जाऊन ५८.८७५ सेकंदांसह मिनिटाच्या आत आलेला पहिला ठरला होता. मात्र तो ट्रॅक उघडा, वाऱ्याच्या मर्जीवरचा. मेक्सिकोतला छताखालचा, लाकडी.

ट्रॅकवरच्या सायकलला ब्रेक नाहीत आणि गिअर एकच. समजा पुढच्या दातेरी चक्राला ६० दात, मागच्याला १५: पेडलच्या एका फेऱ्यात साधारण ८.४ मीटर. ताशी ६४ किलोमीटरला मिनिटाला सुमारे १२७ फेरे होतात. गिअर याहून जड घेतला तर सुटतानाच वेळ जातो. हलका घेतला तर दुसऱ्या लॅपलाच पाय भिरभिरतात आणि जोर लागत नाही. रेषेचीही किंमत असते. २५० मीटरच्या ट्रॅकवर अंतर मोजण्याच्या काळ्या रेषेपासून २० सेंटिमीटर वर राहिलात, तर चार लॅपमध्ये ५ मीटर जास्त, म्हणजे पाव सेकंदाहून अधिक तोटा. शेवटच्या लॅपला मांड्या जड झाल्या की नेमकी हीच रेष सुटते.

२०१४ मध्ये कोलंबियातल्या काली इथे पेर्विसने स्प्रिंट (समोरासमोरची छोटी शर्यत), केइरिन (मोटार-सायकलच्या मागून वेग घेऊन सुटणारी शर्यत) आणि किलो (हीच एक किलोमीटरची शर्यत) ही तिन्ही जागतिक विजेतेपदं एकाच स्पर्धेत जिंकली. किलोचं विजेतेपद तर चार वेळा: २०१३, २०१४, २०१५ आणि २०१७. पण २००४ नंतर किलो ऑलिंपिकमधून वगळला गेला होता, त्यामुळे त्याच्या सर्वांत भक्कम शर्यतीला तिथे जागाच उरली नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याला सांघिक स्प्रिंटचं कांस्य मिळालं. किलोचा त्याचा विक्रम नेदरलँड्सच्या जेफ्री होगलँडने २०२३ मध्ये मोडला, ५५.४३३ सेकंदांत, तोही आग्वासकालिएंतेसलाच.