ओपनफ्लेक्शर: मुक्त-स्रोत फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक

ओपनफ्लेक्शर हा थ्रीडी प्रिंटरवर छापून घेण्याजोगा सूक्ष्मदर्शक. त्याचे आराखडे सर्वांना खुले आहेत. केंब्रिज विद्यापीठात सुरू झालेले हे काम २०१६ मध्ये शोधनिबंधातून पुढे आले आणि नंतर बाथ विद्यापीठात वाढले. स्लाइडचा मंच पीएलए या छपाईच्या प्लास्टिकच्या पातळ, लवचिक पट्ट्यांवर हलतो. घासणारे सांधेच नसल्याने तो डगमगत नाही. आडव्या दोन्ही दिशांना १२ मिमी, उभा ४ मिमी, एवढी त्याची चाल.

फ्लुओरेसन्ससाठी, म्हणजे एका रंगाचा उजेड पडल्यावर नमुना दुसऱ्या रंगात चमकतो ते पाहण्यासाठी, ऑब्जेक्टिव्हखाली (नमुन्याजवळच्या मुख्य भिंगाखाली) फिल्टरांचा घन बसवतात आणि खरा खर्च इथेच होतो. जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन) पाहायचे तर नमुन्यावर फक्त निळा उजेड सोडणारा ४७०/४० चा उत्तेजक फिल्टर (पट्ट्याचा मध्य ४७० नॅनोमीटर, रुंदी ४०), निळा उजेड परतवून हिरवा आरपार सोडणारा ४९५ नॅनोमीटरचा डायक्रोइक आरसा आणि कॅमेऱ्याकडे फक्त हिरवा उजेड जाऊ देणारा ५२५/५० चा उत्सर्जन फिल्टर हा नेहमीचा संच. निळा एलईडी एकरंगी समजून पहिला फिल्टर गाळण्याचा मोह होतो. पण त्या एलईडीच्या वर्णपटाचे शेपूट हिरव्यापर्यंत पोहोचते आणि सगळे चित्र धुरकट दिसते. नाटकाच्या दिव्यांचे रंगीत जेल स्वस्त असले, तरी मंद नमुन्याला पुरत नाहीत. फिल्टर तिरका बसला की त्याचा पट्टा लहान तरंगलांबीकडे सरकतो, म्हणून खाचा नीट घासून घ्याव्यात.

३ वॅटचा एलईडी ७०० मिलिअँपिअर स्थिर प्रवाहावर चालवावा. त्याला अॅल्युमिनियमचा हीटसिंक हवाच, कारण पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. घन काळ्या पीएलएत छापावा. डायक्रोइकमधून आरपार गेलेला निळा उजेड समोरच्या भिंतीवर आदळून परततो; तिथे काळे मखमली कापड चिकटवावे.

ऑब्जेक्टिव्ह घेताना ते किती पट मोठे दाखवते (वर्धन) यापेक्षा न्यूमेरिकल अॅपर्चर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून उजेड गोळा करते ते, बघावे. उजळपणा अॅपर्चरच्या चौथ्या घाताने वाढतो आणि वर्धनाच्या वर्गाने घटतो, म्हणून ४०×/०.६५ (४० पट वर्धन, ०.६५ अॅपर्चर) चे चित्र २०×/०.४० पेक्षा जवळपास पावणेदोन पट उजळ येते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या कॅमेऱ्याचे आपोआप बदलणारे एक्स्पोजर, गेन (संवेदकाची उजळवाढ) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) बंदच ठेवावेत, नाहीतर दोन फोटोंची तुलना करता येत नाही.

जोडणी झाली की आधी कोरी स्लाइड ठेवून एलईडी पूर्ण उजेडावर लावावा. कोऱ्या स्लाइडवरही उजेड दिसला, तर गळती आहे. मग पिवळ्या हायलायटरची शाई काचेवर पसरून पाहावी: मधोमध उजळ आणि कडेला अंधार असेल, तर एलईडीसमोरचे भिंग मागेपुढे करावे.