जागा निघाली हे गावात कळतं कसं? मुकादमापासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत

आमच्या यवतमाळ-वर्धा पट्ट्यात कोणाच्या पोराला कंपनीत काम लागलं की आता लोकं पहिले विचारतात, "कोणत्या ग्रुपवर आलं होतं बाप्पा?" नव्या पोरांना वाटतं मोबाईलवरून काम मिळणं जिओ आल्यावर सुरू झालं, अन् पुण्यातल्या एचआरवाल्यांना वाटतं सोशल मीडियावरून भरती म्हणजे लिंक्डइन, ती नोकरी-धंद्याच्या ओळखीची वेबसाईट. दोन्ही अर्धंच खरं. जागा निघाल्याची बातमी कोणाच्या कानावर घालायची अन् कोणाच्या नाही, हे आधीपासून कोणी ना कोणी ठरवत आलंय, फक्त तो ठरवणारा बदलत गेला.

शेतातली भरती तं अजूनही गुढीपाडव्याच्या आसपासच होते. सालगडी, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला शेतमजूर, ठेवताना मालक त्याला ओळखतो, नाही तर मधात ओळखीचा माणूस असतो, सालाचे पैसे किती, धान्य किती, उचल किती, सगळं तोंडी. जिनिंगमध्ये, वीटभट्टीवर, ठेकेदारीच्या कामात हेच मुकादम करतो. त्याच्या ओळखीबाहेरच्या माणसाला काम आहे हे कळायचंच नाही.

सरकार यात आलं 1945 ला. महायुद्ध संपल्यावर सैन्यातून सुटलेल्यांना काम देण्यासाठी एम्प्लॉयमेंट एक्सचेंज, म्हणजे नाव नोंदवायची सरकारी रोजगार कार्यालयं, निघाले, पुढं ते सगळ्यांना खुले झाले, अन् 1959 च्या कायद्यानं सरकारी आस्थापना अन् 25 किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनांना जागा एक्सचेंजला कळवणं बंधनकारक झालं. कळवणं बरं का, तिथूनच माणूस घेणं नाही! खाजगीतलं शेतीकाम बहुतेक सगळं त्यातून वगळलेलं, म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात मोठा धंदा बाहेरच. तरी आमच्या बापाच्या पिढीत मॅट्रिक झालं की एसटीनं जिल्ह्याला जाऊन एक्सचेंजमध्ये नाव नोंदवून कार्ड काढणं हे ठरलेलं. सिनियॉरिटीनं नावं जायची, रिन्यू करायचं राहिलं की सिनियॉरिटी गेली, अन् कॉल येईपर्यंत काहींची वयोमर्यादाच निघून जायची.

1996 ला सुप्रीम कोर्टानं आंध्रातल्या एका प्रकरणात सांगितलं की नुसती एक्सचेंजकडून नावं मागवून भागणार नाही, पेपरात जाहिरात द्या, रेडिओ-टीव्हीवर सांगा, ज्याचं नाव एक्सचेंजकडून आलं नाही त्यालाही अर्ज करू द्या. कार्डाचा दबदबा तिथून उतरला असं माझं मत. पेपर तसे आधीपासून होतेच, केंद्राचं एम्प्लॉयमेंट न्यूज 1976 पासून निघतंय. पण गावात एखादाच अंक यायचा, अन् वाचनालयात जाऊन पान उघडावं तं नेमकी जाहिरात कोणीतरी ब्लेडनं कापून नेलेली. म्हणजे तिथंही दाराशी माणूस बसलेलाच, फक्त दिसत नव्हता.

मग इंटरनेट. नोकरी डॉट कॉम 1997 ला सुरू झालं, पण ती म्हणजे पेपरातली जाहिरातच स्क्रीनवर आली, अर्ज तुम्हीच करायचा. खरा बदल लिंक्डइननं केला, मे 2003 पासून. तिथं नोकरी शोधत नसलेला माणूसही प्रोफाईल टाकून बसलेला असतो, अन् कंपनीवाला त्याला हुडकून मेसेज करू शकतो. भरतीवाल्यांना हेच पाहिजे होतं, लिंक्डइनची मोठी कमाईही त्यांच्याकडूनच होत आली. यामागचा विचार जुना आहे. अमेरिकेतल्या मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 1973 लाच मांडलं होतं की नोकरीची खबर बहुतेक वेळा जिवलग दोस्ताकडून येत नाही, लांबच्या ओळखीतून येते, कारण दोस्ताला जे माहीत ते आपल्यालाही माहीतच असतं. गावच्या पारावर बसलेल्याला हे लगेच पटेल, पारावरच्या दहा जणांकडं एकच खबर असते, नवीन खबर आणतो तो दुसऱ्या गावचा जावई.

पण लिंक्डइन गावात काही आलं नाही. इंग्रजी होतं, हिंदीतच डिसेंबर 2021 ला आलं, मराठी त्याच्याही नंतर. अन् हेल्पर, फिटर, वेल्डरनं तिथं लिहायचं तरी काय? आमच्याकडं हे काम व्हॉट्सॲपनं केलं. फेब्रुवारी 2016 ला ग्रुपची मर्यादा 100 वरून 256 झाली, सप्टेंबरात जिओ आलं अन् नेट फुकट झालं, अन् ज्या पोट्ट्यांना फॉर्म भरायला तालुक्याच्या नेट कॅफेवर लाईनीत उभं राहावं लागायचं त्यांच्या खिशात जाहिराती यायला लागल्या. आयटीआयच्या बॅचचे ग्रुप, पोलीस भरतीच्या अकॅडमीचे ग्रुप, गावातून पुण्याकडच्या चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत गेलेल्यांचे ग्रुप. 256 भरले की त्याच नावाचा "2" नंबरचा ग्रुप निघायचा. 2022 मध्ये मर्यादा आधी 512 अन् मग 1024 झाली.

मेसेज साधारण असा असतो: "अर्जंट भरती, बुटीबोरी एमआयडीसी, हेल्पर, 10 वी पास/नापास, 12 तास ड्युटी, कॅन्टीन, रूमची सोय, उद्या 9 वाजता गेटवर आधार, फोटो घेऊन या." कंपनीचं नाव बऱ्याचदा नसतंच, कारण टाकणारा कंपनीचा नसतो, मॅनपॉवर पुरवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस असतो. म्हणजे आमचा जुना मुकादमच, पहिले सायकलवर यायचा, आता ॲडमिन झाला. जुलै 2018 ला अफवांमुळं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आली तेव्हा यानं आपलेच चार ग्रुप जास्त काढले. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पोरं पुण्याहून परत आली, पण नंबर ग्रुपवर राहिले होते, त्यामुळं कंपन्या उघडल्यावर ठेकेदाराला गावोगाव फिरावं लागलं नाही, एक मेसेज अन् पोरं परत महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात.

फसवणूकही याच रस्त्यानं आली. रजिस्ट्रेशनचे पैसे पाठवा, युनिफॉर्मचे पाठवा, मग नंबर बंद. जुना मुकादम बुडवायचा तेव्हा निदान त्याचं गाव माहीत असायचं, घरी जाऊन बसता यायचं. आता प्रोफाईल फोटोत कंपनीचा लोगो, अन् मागं कोण हे देवालाच माहीत.

अन् ज्यावर कमी बोललं जातं ते म्हणजे पोरी. बऱ्याच घरात मोबाईल बापाच्या नाही तं भावाच्या हातात, स्वतःचा असला तरी दोनशे अनोळखी पोरांच्या ग्रुपवर नंबर उघडा पडतो म्हणून त्या जॉईनच होत नाहीत, झाल्या की घरचे काढायला लावतात. पेपरातली जाहिरात निदान पोरगीही वाचू शकत होती. नर्सिंगच्या, एएनएमच्या पोरींनी यावर तोड काढली, आपले वेगळे ग्रुप केले, ॲडमिन त्यांच्यातलीच एखादी सीनियर. हॉस्पिटलवाल्यांना माणसं लागली की ते तिला फोन करतात, अन् ग्रुपवर टाकायच्या आधी पगार किती अन् रात्रपाळीला राहायची सोय काय, हे ती त्यांच्याकडून पक्कं करून घेते.