बिअरवाल्या मित्राला द्यायची गिफ्टं: ओपनर, कोस्टर वगैरे आले कुठून

मित्राचा वाढदिवस आला किंवा कोणी नव्या घरात छोटासा बार केला की ऑनलाइन शोधाशोध सुरू होते आणि समोर येतं काय, तर अंगठीतला ओपनर, की-चेनचा ओपनर, भिंतीवर ठोकायचा ओपनर, सँडलच्या तळव्यात बसवलेला ओपनर (रीफ कंपनीने सर्फिंगवाल्यांसाठी असे सँडल खरंच काढलेत), मग कोस्टर (ग्लासखाली ठेवायच्या चकत्या), लांबलचक ग्लास, घरी बिअर बनवायचं किट. बघणारा म्हणतो हा सगळा टाइमपास आहे. मला तसं अजिबात वाटत नाही. यातल्या बऱ्याच वस्तू गिफ्ट म्हणून जन्मालाच आल्या नव्हत्या, कुणाचं तरी काम अडलं होतं म्हणून त्या आल्या, आणि ते काम काय होतं हे कळलं की गिफ्ट निवडणंही सोपं होतं.

मुळात भांडण होतं गॅसचं. बाटलीत बिअर किंवा सोडा भरला की आतला गॅस बूच ढकलत राहतो, आणि एकोणिसाव्या शतकात यावर लोकांनी नाना उपाय काढले. त्यातला एक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, गोटी सोडा! इंग्लंडच्या हायरम कॉडने १८७२ मध्ये त्या बाटलीचं पेटंट घेतलं, आतल्या गॅसच्याच जोराने काचेची गोटी मानेतल्या रबरी रिंगवर दाबून बसते आणि उघडायचं तर ती लाकडी खुंटीने किंवा बोटाने आत ढकलायची. बिअरवाल्यांकडे तारेच्या कडीचं चिनीमातीचं बूच आलं, त्याला ओपनर लागत नाही, हॉलंडच्या ग्रोल्शच्या बाटलीवर ते आजही दिसतं. पण ही दोन्ही झाकणं म्हणजे बाटली परत आणा, धुवा, रबर तपासा, पुन्हा भरा असा व्याप.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ मध्ये यातला झाकणाचा व्यापच काढून टाकला. त्याने पत्र्याची चकती घेतली, तिची कड झालरीसारखी दुमडली, आत कॉर्कची पातळ टिकली बसवली आणि ती बाटलीच्या ओठावर दाबून बसवली, झालं. आपण लहानपणी सोड्याच्या बाटल्यांचे जे बिल्ले गोळा करायचो तो हाच बिल्ला. पेंटरच्या बिल्ल्याला २४ दाते होते, आज हातात घेऊन मोजलेत तर २१ भरतील, आणि कॉर्कच्या जागी आता प्लास्टिक असतं. बाकी फार काही बदललेलं नाही. एकदा वापरा आणि फेकून द्या, हा त्यातला धंद्याचा खरा मुद्दा होता. याच पेंटरच्या कंपनीत किंग कॅम्प जिलेट नावाचा सेल्समन होता, त्याला पेंटरने सांगितलं की असं काहीतरी शोध जे लोक वापरतील, फेकतील आणि परत विकत घेतील, आणि त्या माणसाने पुढे दाढीचं ब्लेड आणलं. एका बिल्ल्यातून दोन धंदे उभे राहिले म्हणायला हरकत नाही.

पण बिल्ला हाताने निघत नाही. म्हणून १८९४ मध्ये पेंटरनेच ओपनरचंही पेटंट घेतलं, आणि इथे जरा थांबून तो ओपनर नीट बघण्यासारखा आहे. एक टोक बिल्ल्याच्या डोक्यावर टेकतं, खालची आकडी दात्यांच्या खाली शिरते, आणि हात वर उचलला की आकडी कड उचलते, म्हणजे साधी तरफ, शाळेत शिकलेली. अंगठी, सँडल, भिंतीवरचा ओपनर, सगळ्यात हेच आणि एवढंच आहे. बिल्ला जगभर चालायला अजून एक गोष्ट लागली, बाटल्यांचे ओठ अगदी एकसारखे असायला हवेत, आणि फुंकून केलेल्या काचेत ते जमायचं नाही. १९०३ च्या सुमारास टोलेडोच्या मायकेल ओवेन्सने बाटल्या बनवणारं ऑटोमॅटिक मशीन आणलं आणि तो प्रश्न मिटला. मग दारू कंपन्यांनी स्वतःचं नाव ठोकलेले ओपनर फुकट वाटायला सुरुवात केली. बिअरप्रेमीला द्यायचं पहिलं गिफ्ट म्हणजे हेच, फुकटची जाहिरात. आज जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याच ओपनरना लोक पैसे मोजतात.

मग कॅन आला. २४ जानेवारी १९३५, अमेरिकेतलं रिचमंड शहर, न्यूअर्कच्या क्रूगर कंपनीची बिअर पहिल्यांदा कॅनमध्ये विकायला आली. अमेरिकेतली दारूबंदी उठून वर्षापेक्षा थोडाच जास्त काळ झाला होता आणि धंदा परत उभा करायचा होता. कॅनचं डोकं सपाट पोलादी पत्र्याचं, ओढायला रिंग नाही, काही नाही, त्यामुळे टोकदार त्रिकोणी चोचीचा नवा ओपनर लागायचा आणि तो कसा वापरायचा हे कॅनवर चित्र काढून सांगितलेलं असायचं. दोन भोकं पाडायची, एक मोठं पिण्यासाठी आणि समोरच्या बाजूला एक बारीक, हवा आत जायला, नाहीतर बिअर अडखळत येते. तेलाचा डबा फोडताना आपल्याकडे अजूनही हेच करतात. त्याच वर्षी श्लिट्झ या बिअर कंपनीने निमुळत्या मानेचा कॅन काढला आणि त्यावर चक्क पेंटरचाच बिल्ला बसवला, म्हणजे बाटल्यांचीच यंत्रं वापरता येतील.

हा चोचीचा ओपनर २५-३० वर्षं घराघरात होता. मग ओहायोतल्या डेटनच्या एर्मल फ्रेझची पिकनिक झाली, १९५९ ची, ओपनर घरी राहिला आणि गाडीच्या बंपरवर कॅन फोडायची वेळ आली. त्यातून त्याने ओढून काढायच्या रिंगचं झाकण बनवलं, १९६३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. लोकांना ते फारच आवडलं पण त्या धारदार रिंगा बीचवर, बागेत, सगळीकडे पडायला लागल्या, पाय कापायला लागले. १९७५ मध्ये डॅनियल कडझिकची कॅनलाच चिकटून राहणारी पत्ती आली, जी आज आपण रोज बघतो, आणि ओपनरचं कॅनवरचं काम कायमचं गेलं. बाटलीवरचं राहिलं. माझ्या मते ओपनर शोभेची वस्तू व्हायला सुरुवात इथूनच झाली, गरज निम्मी झाली की कारागीर आकाराशी खेळायला मोकळा होतो.

कोस्टरची गोष्ट जर्मनीतली. आधी लोकरी फेल्टचे तुकडे ग्लासखाली ठेवायचे, ओले व्हायचे, वाळवून परत वापरायचे, म्हणजे स्वच्छतेचा आनंदच. १८८० मध्ये माग्डेबुर्गजवळच्या फ्रीडरिश हॉर्नने छापील पुठ्ठ्याचे केले आणि १८९२ मध्ये ड्रेस्डेनच्या रॉबर्ट श्पुटने लाकडाच्या लगद्याच्या चकतीचं पेटंट घेतलं, १०७ मिलिमीटर व्यासाची, पाणी भराभर शोषणारी. तो आकार आजही जवळपास तसाच आहे. आणि तिथे कोस्टर हेच बिल पण असतं! कोलोनमध्ये कोल्श नावाची बिअर ०.२ लिटरच्या बारक्या ग्लासात देतात, ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता नवा ठेवतो आणि कोस्टरवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो, शेवटी रेघा मोजून पैसे. नको असेल तर कोस्टर ग्लासवर झाकायचा. कोणाला कोस्टरचा सेट देणार असाल तर प्लास्टिकचे चकचकीत घेऊ नका प्लीज, पाणी शोषत नाहीत आणि ग्लासला चिकटून वर येतात.

आता ज्या वस्तूंचं काम फक्त गंमत होतं त्या. अशा वस्तू बिल्ल्यापेक्षा कितीतरी जुन्या आहेत. इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकात कोड्याचे चंबू बनायचे, मानेला जाळीसारखी भोकं, तोंडाला लावला की सगळं अंगावर. युक्ती अशी की मूठ पोकळ असते, आतली नळी कडेपर्यंत जाते, एक लपवलेलं भोक बोटाने बंद करून दुसऱ्या तोटीतून ओढायचं. काहींवर पैज लावायचं आव्हान कवितेतच लिहिलेलं असतं. त्याच काळातला यार्ड ग्लास, साधारण ९० सेंटिमीटर लांब, खाली फुगा, जवळजवळ १.४ लिटर बिअर. शेवटी फुग्यात हवा शिरते आणि उरलेली बिअर भसकन तोंडावर येते. पुढे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झालेले बॉब हॉक यांनी ऑक्सफर्डमध्ये शिकताना जवळजवळ तेवढीच बिअर ११ सेकंदांत संपवली होती, पण यार्ड ग्लासातून नाही, साध्या भांड्यातून. यार्ड ग्लास बघायला सुंदर वस्तू आहे, भिंतीवर टांगावी, घरी पैज लावून कोणी पिऊ नये असं मनापासून वाटतं.

गिनेस या आयरिश काळ्या बिअरच्या कॅनमधला पांढरा प्लास्टिकचा गोळा हे वेगळंच प्रकरण. त्यात नायट्रोजन भरलेला असतो, कॅन उघडला की गोळ्याबाहेरचा दाब एकदम कमी होतो, बारीक भोकातून फवारा सुटतो आणि नळाच्या बिअरसारखा दाट फेस येतो. १९८० च्या दशकाच्या शेवटी ही युक्ती बाजारात आली, गोळ्याचा आकार नंतरचा. रिकामा कॅन हलवला की खुळखुळतो तो हाच.

राहिलं घरी बिअर बनवायचं किट. ब्रिटनमध्ये १९६३ पासून त्याला लायसन्स लागत नाही, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टरनी १९७८ मध्ये तशी मुभा देणारा कायदा केला आणि तिथल्या क्राफ्ट बिअरची पहिली पिढी बरीचशी घरच्याच पातेल्यातून आली. आपल्याकडे २००९ मध्ये पुण्यात डूलाली हे स्वतःच बिअर बनवून विकणारं पब सुरू झालं तेव्हापासून मराठी पोरांनाही गहू, हॉप्स, यीस्ट यावर तासन्‌तास बोलता येतं, पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, प्यायला परमिट आणि बनवायला लायसन्स, त्यामुळे न्यू जर्सीच्या भावाला किट खुशाल द्या, पुण्यातल्या भावाला नको. आणि बाहेरून बाटली थंड ठेवायचं कव्हर मागवणार असाल तर माप बघून घ्या, तिकडचं सगळं बहुतेक ३३०-३५५ मिलीसाठी असतं, आपली ६५० ची बाटली त्यात बसत नाही.