इंटरनेटबंदी

शासनाच्या आदेशाने एखाद्या देशातील, प्रांतातील किंवा जिल्ह्यातील इंटरनेट सेवा हेतुपुरस्सर खंडित करणे, तिचा वेग निरुपयोगी ठरेल इतका घटवणे किंवा संपर्काची ठरावीक साधने बंद ठेवणे, यास इंटरनेटबंदी म्हणतात. केबल तुटल्यामुळे किंवा नैसर्गिक आपत्तीमुळे सेवा खंडित झाल्यास त्यास बंदी म्हणत नाहीत. मात्र न उघडणाऱ्या पानाकडे पाहत बसलेल्या माणसाला हा फरक बहुधा कळत नाही आणि बंदी नाकारू इच्छिणाऱ्या सरकारांना नेमके तेच सोयीचे पडते.

सरकार इंटरनेट बंद करू शकते का, या प्रश्नाचे उत्तर कोणते इंटरनेट आणि कोणाच्या हद्दीतले, यावर ठरते. साऱ्या जगाचे इंटरनेट बंद करणे कोणत्याही एका सरकारच्या हाती नाही. सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र जाळी परस्परांशी जोडली जाऊन ते बनलेले आहे आणि या सर्वांची मुख्य कळ असलेली खोली कोठेही नाही. संकेतस्थळांच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी १३ सर्व्हर आहेत, असे नेहमी सांगितले जाते. पण तो आकडा पत्त्यांचा आहे, यंत्रांचा नव्हे. त्या १३ पत्त्यांमागे पंधराशेहून अधिक यंत्रे जगभर विखुरलेली आहेत. अणुयुद्धातही टिकावे म्हणून इंटरनेटची रचना केली गेली, ही समजूत मात्र अर्धवट खरी आहे. तशा टिकाऊ जाळ्याचा विचार पॉल बॅरन यांनी १९६०च्या दशकात रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेत मांडला होता. १९६९ मध्ये सुरू झालेल्या अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याचा उद्देश मुख्यतः दूरदूरचे संगणक संशोधकांना सामायिकपणे वापरता यावेत, हा होता. शिवाय बाहेरच्या हल्ल्यातून तगून राहणारी रचना आतल्या आदेशापुढेही टिकेल, असे नाही.

देशाच्या हद्दीत चित्र अगदी उलटे असते. प्रत्येक जाळे आपल्याकडे कोणते पत्ते आहेत, हे शेजारच्या जाळ्यांना सतत कळवत असते आणि त्या घोषणांवरून जगभरचे राउटर माहिती कोणत्या वाटेने पाठवायची ते ठरवतात. मार्गांची ही देवाणघेवाण ज्या नियमावलीनुसार चालते तिला बीजीपी म्हणतात. घोषणा मागे घेतली की ते पत्ते जगाच्या नकाशावरून पुसले जातात. केबल जागच्या जागी असते, यंत्रे चालू असतात, पण तेथे कसे पोहोचायचे हे कोणालाच ठाऊक नसते. सरकारच्या आदेशाशिवायही असे घडू शकते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या कामातील चुकीमुळे फेसबुकची जाळी अशीच दिसेनाशी झाली आणि सेवा पूर्ववत व्हायला सुमारे सहा तास लागले.

ईजिप्तमध्ये जानेवारी २०११ मध्ये घडलेला प्रकार या पद्धतीचा सर्वांत अभ्यासला गेलेला नमुना आहे. होस्नी मुबारक यांच्या राजवटीविरुद्ध आंदोलन पेटलेले असताना २८ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर, कैरोच्या घड्याळात बारा वाजून बारा मिनिटे झाली असता, टेलिकॉम ईजिप्त या सरकारी कंपनीने आपले मार्ग मागे घ्यायला सुरुवात केली. त्यानंतर काही मिनिटांच्या अंतराने राया, लिंक ईजिप्त, एतिसलात मिस्र आणि इंटरनेट ईजिप्त या कंपन्या एकामागून एक गेल्या. हा सगळा प्रकार पंधरा मिनिटांच्या आत आटोपला आणि सुमारे ३,५०० मार्ग नाहीसे झाले. एकच कळ दाबली गेली असती तर सगळे एका क्षणी गेले असते. मधली मिनिटे पाहून, कोणीतरी यादी समोर ठेवून एकेका कंपनीला फोन करत असावे, असा निष्कर्ष मार्गांवर लक्ष ठेवणाऱ्या रेनेसिस या संस्थेने काढला. नूर ही एक कंपनी तेवढी ३१ जानेवारीपर्यंत चालू राहिली; शेअर बाजाराची जोडणी तिच्याकडे होती. सेवा २ फेब्रुवारीला परत आली आणि ११ फेब्रुवारीला मुबारक यांनी पद सोडले. घरी बसून बातमी मिळेना म्हणून लोक उलट अधिक संख्येने रस्त्यावर आले, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

तेव्हा खरा प्रश्न यंत्रांचा नसून किती जणांना फोन करावे लागतात, हा आहे. रेनेसिसने २०१२ मध्ये केलेल्या वर्गीकरणात देशाबाहेर जाणाऱ्या वाटा एकदोन कंपन्यांच्याच हाती असलेले देश सर्वाधिक धोक्याचे, तर अशा चाळीसहून अधिक कंपन्या असलेले देश बंदीला दाद न देणारे मानले होते. उत्तर कोरियात सर्वसामान्यांना मुळात देशांतर्गत जाळेच उपलब्ध आहे. तेथे बंद करण्याजोगे फारसे काही नाही. अमेरिका किंवा जर्मनीसारख्या देशात शेकडो खासगी कंपन्या, निरनिराळी जाळी एकमेकांना जोडणारी अनेक विनिमय केंद्रे आणि किनाऱ्याला लागलेल्या डझनावारी केबल यांना एकाच रात्री गप्प करणे व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे. वाटा कमी असल्या की सरकारचीही गरज उरत नाही. मार्च २०११ मध्ये जॉर्जियात तांब्याच्या शोधात जमीन खणणाऱ्या ७५ वर्षांच्या एका स्त्रीच्या फावड्याने केबल तुटली आणि शेजारच्या आर्मेनियाचा बहुतांश भाग काही तास इंटरनेटविना राहिला.

कंपन्यांची संख्या मोठी असली, तरी प्रत्येकीला परवाना लागतो आणि बहुतेक परवान्यांत आणीबाणीच्या वेळी शासनाचा आदेश पाळण्याची अट असते. मोबाइल सेवेच्या बाबतीत तर बंदी फार सोपी असते, कारण देशातील बहुतेक ग्राहक तीनचार कंपन्यांत वाटलेले असतात आणि ठरावीक मनोऱ्यांवरील डेटा बंद ठेवून फक्त एक शहर वेगळे काढता येते. फोनवर सिग्नलच्या रेघा पूर्ण दिसतात, बोलणेही होते, फक्त पान उघडत नाही. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर काही आठवडे रोज रात्री एक ते सकाळी नऊ या वेळेत सेवा बंद ठेवली जात असे. इराक आणि सीरिया यांनी तर शालेय परीक्षांतील प्रश्नपत्रिका फुटू नयेत म्हणून परीक्षेच्या काळात सकाळी काही तास साऱ्या देशाचे इंटरनेट थांबवले आहे. उपाय आणि दुखणे यांचे प्रमाण इतके व्यस्त असल्याचे उदाहरण विरळाच.

बंद करण्यापेक्षा बंद ठेवणे कठीण असते. बँका, विमानतळ, रुग्णालये आणि खुद्द सरकारी कचेऱ्या त्याच जाळ्यावर चालतात. ईजिप्तच्या पाच दिवसांत किमान ९ कोटी डॉलरचे थेट नुकसान झाल्याचा अंदाज ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने वर्तवला होता. जानेवारी २०२२ मध्ये कझाकस्तानात बंदीच्या काळात कार्डाने पैसे देणे व यंत्रातून रोख काढणे थांबले. कॅमेरूनच्या इंग्रजी भाषक प्रांतांत २०१७ मध्ये ९३ दिवस सेवा नव्हती, तेव्हा बुएया शहरातील संगणक व्यावसायिक शेजारच्या फ्रेंच भाषक प्रांताच्या हद्दीवरील बोनाको या गावी लॅपटॉप घेऊन जाऊ लागले. त्यांनी तेथे भाड्याने घेतलेली खोली 'इंटरनेट निर्वासितांची छावणी' म्हणून ओळखली गेली. या किमतीवर इराणने शोधलेला तोडगा वेगळा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथे सुमारे आठवडाभर बाहेरच्या जगाशी संपर्क तोडण्यात आला, परंतु राष्ट्रीय माहिती जाळे या देशापुरत्याच चालणाऱ्या व्यवस्थेमुळे देशांतर्गत बँका व कित्येक सेवा चालू राहिल्या. रशियानेही १ नोव्हेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या कायद्याद्वारे गरज पडल्यास उर्वरित जगापासून अलग होऊन चालू शकेल, अशा जाळ्याची तरतूद केली आहे. पूर्ण अंधार करण्यापेक्षा हवी ती खिडकी लावून घेण्याकडे सरकारांचा हा जो कल आहे, तो अधिक गंभीर मानायला हवा, कारण अशी बंदी दीर्घकाळ परवडते.

बंदीतून वाटा काढल्या जातातच. व्हीपीएनमुळे, म्हणजे आपली माहिती सांकेतिक रूपात दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्फत पाठवणाऱ्या सोयीमुळे, निवडक संकेतस्थळांवरील बंदी ओलांडता येते, पण जोडणीच नसेल तर तिचा उपयोग नाही. ईजिप्तमध्ये लोकांनी जुने डायल-अप मोडेम काढून फ्रान्समधील एका ना-नफा पुरवठादाराच्या क्रमांकावर दूरध्वनीने जोडणी केली होती. उपग्रहावरून मिळणाऱ्या सेवेला देशातील केबलची गरज नसते. तथापि तिला छतावर दिसणारे उपकरण लागते, ते बाळगणे गुन्हा ठरवता येते आणि तिच्या लहरींत अडथळा आणता येतो.

कायद्याच्या दृष्टीने सरकारांचा अधिकार सरसकट नाकारलेला नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या घटनेतील ३४ व ३५ या कलमांनी सदस्य देशांना दूरसंचार थांबवण्याची मुभा दिली आहे. अमेरिकेत १९३४ च्या संपर्क कायद्यातील कलम ६०६ युद्धकाळात किंवा युद्धाचा धोका असताना राष्ट्राध्यक्षांना तारांवरून चालणारी संपर्कयंत्रणा ताब्यात घेण्याचा किंवा बंद करण्याचा अधिकार देते. ते इंटरनेटला कितपत लागू होते, यावर मतभेद आहेत. २०१० मध्ये तेथील सिनेटमध्ये आलेल्या एका विधेयकावर 'बंद करण्याची कळ' म्हणून टीका झाली आणि ते बारगळले. न्यायालयांचा भर अधिकार कोणाचा व मर्यादा काय, यावर राहिला आहे. झिम्बाब्वेच्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील बंदी संबंधित मंत्र्याला तसा अधिकारच नसल्याच्या कारणाने रद्द केली. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून लागू झालेल्या बंदीबाबत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी, बेमुदत बंदी बेकायदा आहे आणि असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असा निर्णय दिला. तेथे फोर-जी सेवा पूर्ववत व्हायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडले. ईजिप्तमध्ये मे २०११ मध्ये न्यायालयाने मुबारक व त्यांच्या दोन सहकाऱ्यांना बंदीमुळे झालेल्या हानीबद्दल एकूण ५४ कोटी ईजिप्शियन पौंड दंड ठोठावला. वरिष्ठ न्यायालयाने २०१८ मध्ये तो रद्द केला.