अल्झायमर रोगातील पेशी-चयापचय आणि औषधसंशोधन

अल्झायमर रोगात मेंदूतील पेशींची ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवण्याची क्षमता खालावते. हा बिघाड नेमका कोठे होतो आणि औषधाने तो सावरता येईल का, हा या रोगाच्या संशोधनातील एक कळीचा प्रश्न आहे. प्रौढ माणसाच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के असतो, पण शरीर विश्रांतीत असताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतील सुमारे २० टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. चेतापेशीतून संदेश गेला की आत शिरलेले सोडियम आयन पुन्हा बाहेर काढावे लागतात, आणि ते काढणारे पंप एटीपी या ऊर्जावाहक रेणूवर चालतात. मेंदूच्या खर्चाचा मोठा भाग याच कामी लागतो. यकृतासारखा साखरेचा मोठा साठा मेंदूजवळ नसतो. त्यामुळे रक्तातून होणारा पुरवठा काही मिनिटे खंडित झाला तरी चेतापेशी मरू लागतात.

आलॉइस अल्झायमर या जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी १९०६ साली या रोगाचे पहिले वर्णन मांडले, ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या दोन खुणांच्या आधारे : पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू. पहिल्यात बीटा-अ‍ॅमिलॉइड आणि दुसऱ्यात टाऊ ही प्रथिने असतात, हे पुढे कळले आणि औषधसंशोधनाचा बराचसा भर त्यांच्यावरच राहिला. ऊर्जेचा बिघाड असा डोळ्यांना दिसत नाही, तो पाहायला मेंदू जिवंत असावा लागतो. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले, ग्लुकोजसारखेच एक द्रव्य शिरेतून देतात. जी पेशी ग्लुकोज ओढते ती हेही ओढते, पण त्याचे पुढे विघटन होत नसल्याने ते आतच अडकते आणि पडद्यावर तो भाग उजळतो. अल्झायमरच्या रुग्णात कानशिलाजवळचा टेम्पोरल व माथ्याकडचा पॅरायटल खंड आणि मेंदूच्या मध्यरेषेलगतचा मागचा भाग मंद दिसतो. हालचालींवर नियंत्रण ठेवणारा पट्टा मात्र बराच काळ उजळ राहतो.

पेशी मेल्या म्हणून साखर कमी लागते, की साखर वापरता येत नाही म्हणून पेशी मरतात, हा वाद जुना आहे. या संदर्भात अमेरिकेतील एरिक रायमन आणि सहकाऱ्यांचे २००४ मधील निरीक्षण मोलाचे ठरते. अल्झायमरचा धोका वाढवणारे एपीओई-४ हे जनुकरूप असलेल्या, २० ते ३९ वर्षे वयाच्या आणि स्मरणशक्ती शाबूत असलेल्या व्यक्तींमध्येही त्याच भागांत ग्लुकोजचा वापर कमी आढळला. विसराळूपणाच्या कित्येक दशके आधी दिसणारी ही तूट केवळ रोगाचा परिणाम म्हणून बाजूला सारता येत नाही.

ऊर्जेच्या या साखळीत चेतापेशी एकटी नसते. ताऱ्याच्या आकाराच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी एका टोकाने केशवाहिनीला बिलगलेल्या असतात आणि दुसऱ्या टोकाने चेतापेशींच्या जोडण्यांना. त्या रक्तातील ग्लुकोज घेतात, त्याचे लॅक्टेट हे इंधन म्हणून वापरता येणारे द्रव्य करतात आणि ते चेतापेशीला पुरवतात, असे प्रतिपादन पेलेरँ व मॅजिस्ट्रेटी यांनी १९९४ मध्ये केले. या पुरवठ्याचे प्रमाण किती, यावर अजून मतभेद आहेत. चेतापेशीत पोहोचलेल्या इंधनापासून एटीपी तयार होते ते मुख्यतः तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकाँड्रियांत, आणि अल्झायमरमध्ये तेथील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराचे (एन्झाइमचे) कार्य मंदावलेले आढळते. इन्सुलिनला मेंदूकडून मिळणारा प्रतिसादही क्षीण होतो. त्यावरून २००५ साली ‘तिसऱ्या प्रकारचा मधुमेह’ हे नाव पुढे आले. मधुमेह्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक असतो हे खरे. तरीही हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण रक्तातील साखर पूर्णपणे नियंत्रणात असलेल्यांनाही अल्झायमर होतो.

औषधांचा आजवरचा इतिहास निराशेचा आहे. डायमेबॉन हे रशियातील जुने अ‍ॅलर्जीविरोधी औषध तंतुकणिकांना बळ देते, असे वाटले होते. रशियात १८३ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष इतके चांगले होते की मोठी चाचणी लगोलग हाती घेतली गेली. २०१० मध्ये त्या चाचणीत औषध व निरौषध गोळी यांत फरकच दिसला नाही. मधुमेहावरील रोसिग्लिटाझोन आणि पायोग्लिटाझोन यांचीही हीच गत झाली. नाकातून फवारलेल्या इन्सुलिनने सुरुवातीला आशा दाखवली, पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा लाभ सिद्ध झाला नाही. मधुमेहावरीलच सेमाग्लुटाइड या औषधाच्या गोळीच्या दोन चाचण्यांत मिळून ३,८०० हून अधिक रुग्ण होते. रोगाचा वेग त्या गोळीने कमी झाला नाही, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. यांतील बहुतेक औषधे मुळात यकृत, स्नायू आणि मेद यांच्यासाठी घडवलेली होती, आणि ती दिली गेली रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर. त्यामुळे ऊर्जेची तूट हा विचारच चुकीचा ठरला, असे या अपयशांवरून म्हणता येत नाही.

हळदीतील कुर्क्युमिनपासून अमेरिकेतील सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये घडवलेले जे-१४७ हे संयुग तंतुकणिकांतील एटीपी तयार करणाऱ्या विकरालाच जाऊन चिकटते, असे २०१८ मध्ये दिसून आले. घरोघरी हळदीविषयी जे सांगितले जाते त्याला यातून आधार मिळत नाही, कारण रुग्णांवरील चाचणीत खुद्द कुर्क्युमिन निष्प्रभ ठरले आहे.

सर्वांत नेमका धागा २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या काट्रिन आंद्रेआसन यांच्या गटाने हाती दिला. आयडीओ-१ हा विकर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे किन्युरेनिन नावाच्या द्रव्यात रूपांतर करतो. अ‍ॅमिलॉइड व टाऊ यांच्या सान्निध्यात अ‍ॅस्ट्रोसाइटमधील किन्युरेनिन वाढते, ग्लुकोजचे विघटन मंदावते आणि चेतापेशीला मिळणारे लॅक्टेट आटते. आयडीओ-१ रोखणारे द्रव्य दिल्यावर उंदरांमध्ये हा पुरवठा पूर्ववत झाला आणि त्यांची स्मरणशक्ती सुधारली. असे रोधक कर्करोगासाठी आधीच बनवलेले आहेत आणि माणसांना देऊनही पाहिलेले आहेत. त्यांतील एपॅकाडोस्टॅट २०१८ मध्ये त्वचेच्या कर्करोगावर अपयशी ठरले. अल्झायमरसाठी त्यांचा विचार करताना ते रक्त-मेंदू अडसर (रक्तातील बहुतेक द्रव्ये मेंदूत शिरू न देणारी भिंत) ओलांडून अ‍ॅस्ट्रोसाइटपर्यंत पुरेशा मात्रेत पोहोचतात का आणि ते कोणत्या वयात सुरू करावेत, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतील.