‘ऐकत नाही’ ही तक्रार डॉक्टरने शब्दशः घ्यावी

बंदिस्त निवासगृहात ठेवलेल्या एखाद्या मुलाची फाईल उघडली की त्याच्या वर्तनाबद्दलच्या नोंदींत ‘ऐकत नाही’ हे दोन शब्द बहुधा भेटतातच. मराठीत या शब्दांचे दोन अर्थ होतात, कानाला ऐकू येत नाही आणि सांगितलेले मानत नाही. आणि नोंद करणाऱ्याच्या मनात जवळजवळ नेहमीच दुसरा अर्थ असतो. अशा मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरने आधी पहिला अर्थ धरून चालावे, असे माझे ठाम मत आहे.

समजा, पंधरा वर्षांचा एक मुलगा तपासणीच्या खोलीत आला आहे. कानात दुर्बीण घालून पाहिल्यावर पडद्याला मध्यभागी छिद्र दिसते, कडा जुन्या झालेल्या, आत ओलसर स्राव. लहानपणी कान वाहत असे, कधी औषध मिळे, कधी मिळत नसे, आणि पुढे त्याकडे कोणी पाहिलेच नाही. अशा छिद्रामुळे साधारण २० ते ४० डेसिबलपर्यंत ऐकू कमी येऊ शकते. नेहमीचे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. म्हणजे शांत खोलीत, समोरासमोर बसून या मुलाशी बोलले तर तो बरोबर उत्तरे देतो आणि कोणाला शंकाही येत नाही. पण निवासगृहातील जेवणघर किंवा लांबलचक व्हरांडा ही प्रतिध्वनीने भरलेली जागा असते, तिथे दारे आपटत असतात आणि वीस जण एकाच वेळी बोलत असतात. तिथे पाठीमागून हळू आवाजात दिलेली सूचना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, ओरडून दिलेली मात्र पोहोचते. यावरून कर्मचारी प्रामाणिकपणे निष्कर्ष काढतात की हा मुलगा दरडावल्याशिवाय जुमानत नाही. मुलगाही प्रामाणिकपणे निष्कर्ष काढतो की इथली मोठी माणसे आपल्याशी फक्त ओरडूनच बोलतात. दोघेही आपापल्या जागी खरे असतात, आणि पाच मिनिटांच्या कानाच्या तपासणीने हा गैरसमज संपू शकतो.

बंदिस्त निवासगृह म्हणजे ज्या घरातून मुलाला स्वतःच्या इच्छेने बाहेर पडता येत नाही असे घर. काही मुले तिथे न्यायालयाच्या आदेशाने, गुन्ह्याच्या आरोपावरून येतात. काहींनी कोणताही गुन्हा केलेला नसतो, परंतु ती पुन्हापुन्हा पळून जातात, स्वतःला इजा करून घेतात किंवा त्यांचा गैरफायदा घेणाऱ्यांच्या हाती सापडतात, म्हणून त्यांना कुलपाआड ठेवले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या २०१९ च्या जागतिक अभ्यासानुसार केवळ कच्च्या कैदेत आणि तुरुंगांत दरवर्षी किमान ४ लाख १० हजार मुले ठेवली जातात. इतर बंद संस्थांमधील मुलांची संख्या याहून निराळी आणि कितीतरी मोठी आहे. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९९० मध्ये स्वीकारलेले, ‘हवाना नियम’ या नावाने ओळखले जाणारे नियम या सर्वच प्रकारच्या जागांना लागू होतात, कारण त्यांची कसोटी इमारतीवरची पाटी नसून मुलाला मनाप्रमाणे बाहेर जाता येते की नाही, ही आहे.

या मुलांची पद्धतशीर तपासणी केली तर काय सापडते, याची उत्तरे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हळूहळू मिळत गेली. शिकागोमध्ये १९९५ ते १९९८ या काळात कोठडीत आलेल्या १,८२९ मुलामुलींच्या मुलाखती घेण्यात आल्या. त्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश मुलगे आणि जवळजवळ तीनचतुर्थांश मुली कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराच्या निकषांत बसल्या. नियम मोडण्याची आणि आक्रमक वागण्याची सवय हाच ज्याचा निकष आहे असा ‘वर्तन विकार’ या हिशेबातून वगळला, तरी मुलग्यांमधील प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास आणि मुलींमधील दोनतृतीयांशाहून अधिक राहिले. नैराश्य, चिंता, अवधानाचा अभाव, आघातानंतरचा ताण हे सगळे त्या वागण्याच्या आड होते.

मला त्याहूनही अस्वस्थ करणारा वाटतो तो पश्चिम ऑस्ट्रेलियातील बँक्सिया हिल या किशोरांच्या बंदिगृहातील अभ्यास, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-भाषातज्ज्ञ आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ अशा पथकाने ९९ मुलांची सखोल तपासणी केली. त्यांपैकी ३६ जणांना ‘फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर’, म्हणजे आईच्या पोटात असताना मद्याच्या संपर्कामुळे मेंदूच्या घडणीत राहिलेला दोष, असल्याचे निदान झाले. आणि या ३६ पैकी केवळ दोघांचे निदान त्यापूर्वी झालेले होते. मेंदूच्या किमान एका कार्यक्षेत्रात गंभीर कमतरता असलेली मुले ८९ टक्के होती. ही मुले त्याआधी शाळांत गेली होती, समाजसेवकांना भेटली होती, न्यायालयात उभी राहिली होती. इतक्या दारांतून गेल्यावरही त्यांची ओळख पटली ती कुलूप लागल्यानंतर.

अशा मेंदूचे रोजचे जगणे कसे असते ते एका साध्या प्रसंगावरून लक्षात येते. ‘ताट उचलून ठेव, हात धू, वही घे आणि दारापाशी रांगेत उभा राहा,’ अशी चार सूचनांची साखळी एका दमात सांगितली जाते. ज्याची कार्यकारी स्मृती, म्हणजे ऐकलेले थोडा वेळ मनात धरून त्याप्रमाणे करण्याची क्षमता, कमकुवत आहे तो मुलगा पहिली सूचना पाळतो आणि मग गोंधळून तिथेच थांबतो, किंवा शेवटची तेवढी लक्षात राहून हातही न धुता थेट दारापाशी जातो. त्याला हटकले जाते, तो चिडतो, चिडला म्हणून त्याचे वागणुकीचे गुण कापले जातात, आणि गुण कशामुळे गेले हे त्याला संध्याकाळी विचारले तर सांगता येत नाही. इथे डॉक्टरने लिहून द्यायचे ‘औषध’ म्हणजे एका वेळी एकच सूचना, आणि जमल्यास तिचे चित्र भिंतीवर. भाषेच्या आकलनाची अडचण असलेल्या मुलालाही हाच उपाय लागू पडतो. मात्र तो अमलात यायचा तर डॉक्टरला तपासणीच्या खोलीबाहेर येऊन जेवणघरातील कर्मचाऱ्यांशी बोलावे लागते, आणि मुलाची खासगी माहिती न उघडता केवळ त्याच्याशी कसे बोलावे एवढेच सांगण्याचे तारतम्य ठेवावे लागते.

हे सगळे सावकाश करण्याचे काम आहे. पहिली रात्र मात्र सावकाशीची नसते. नियमित मद्य घेणाऱ्याला शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत कंप आणि घाम सुरू होऊ शकतो आणि झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात. झोपेच्या किंवा चिंताशामक गोळ्यांची सवय असेल तर तीच लक्षणे काही दिवस उशिरा दिसू शकतात, म्हणून आलेला दिवस निभावला याचा अर्थ धोका टळला असा होत नाही. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाचे इन्सुलिन पोलीस ठाण्यात किंवा आधीच्या घरी राहून गेले असेल तर एकदोन दिवसांतच रक्तात जीवघेणी आम्लता निर्माण होऊ शकते. अपस्माराची गोळी अचानक बंद पडणे, दम्याचा पंप सामानासोबत जप्त होऊन कपाटात बंद असणे, या गोष्टी कागदावर क्षुल्लक दिसतात. लैंगिक अत्याचार झालेला असेल तर एचआयव्हीपासून संरक्षण देणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. आणि स्वतःला संपवण्याचा विचार याच सुरुवातीच्या दिवसांत बळावण्याची भीती असते. म्हणूनच हवाना नियमांनी प्रवेश होताच डॉक्टरकडून तपासणी होणे हा मुलाचा हक्क मानला आहे. त्या तपासणीचे दोन हेतूही सांगितले आहेत: उपचाराची गरज ओळखणे, आणि आधी मारहाण झाली असल्यास तिच्या खुणा नोंदवणे. इंग्लंडमध्ये वापरल्या जाणाऱ्या तपासणी-आराखड्यात पहिली चाळणी पहिल्या रात्रीपूर्वी, शारीरिक व मानसिक आरोग्याची तपासणी तीन दिवसांत, व्यसनांची पाच दिवसांत आणि मेंदूविकासाच्या अडचणींची दहा दिवसांत व्हावी, अशी रचना आहे. सगळे प्रश्न पहिल्याच रात्री विचारून टाकण्यापेक्षा ही विभागणी मला शहाणपणाची वाटते, कारण थकलेला, घाबरलेला मुलगा पहिल्या रात्री जे ‘नाही’ म्हणतो त्यातले बरेचसे आठवड्याभराने ‘हो’ होते.

ते ‘हो’ मिळवणे ही या वैद्यकाची सर्वांत नाजूक बाजू आहे. बाहेरच्या जगात रुग्ण डॉक्टर निवडतो, पटले नाही तर दुसरीकडे जातो. इथे मुलाने डॉक्टर निवडलेला नसतो, वेळ निवडलेली नसते, आणि डॉक्टरच्या कमरेलाही बहुधा त्याच किल्ल्यांचा जुडगा असतो. ज्याच्या अंगाला यापूर्वी त्याच्या मर्जीविरुद्ध हात लागलेले आहेत त्याच्या पाठीवर अचानक स्टेथोस्कोप टेकवला तर तो दचकून हात उगारू शकतो, आणि त्याची नोंद ‘डॉक्टरवर हल्ला’ अशी होऊ शकते. म्हणून अनुभवी डॉक्टर खुर्च्या अशा मांडतात की मुलाला दार दिसत राहावे. उपकरण आधी त्याच्या हातात देतात. आता थंड लागेल, आता कान ओढणार आहे, असे प्रत्येक कृतीआधी सांगतात. आणि ‘आधी उजवा कान पाहू की डावा?’ असे विचारतात. हा प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या निरर्थक आहे. परंतु ज्याला उठण्याची, जेवण्याची आणि दिवा मालवण्याची वेळही ठरवता येत नाही त्याच्यासाठी तो दिवसातला पहिला खरा प्रश्न असू शकतो.

दाराला कुलूप लागले म्हणून संमतीचा अधिकार संपत नाही. इंग्लंडमधील सर्वोच्च न्यायपीठाने १९८५ मध्ये गिलिक प्रकरणात असे म्हटले की सोळा वर्षांखालील मुलाला उपचाराचे स्वरूप आणि परिणाम पुरेसे समजत असतील तर तो स्वतः संमती देऊ शकतो. ही कसोटी वयावर नाही, समजुतीवर आहे, आणि ती लावायची तर डॉक्टरला आधी समजेल अशा भाषेत सांगावे लागते. तपासणीच्या वेळी कर्मचारी खोलीत उभा असेल तर मुलगा पोटदुखी सांगेल, पण लघवीची जळजळ सांगणार नाही. खरोखर धोका असेल तेव्हा कर्मचाऱ्याने दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर थांबणे हा मध्यम मार्ग बहुतेक वेळा शक्य असतो. गोपनीयतेलाही मर्यादा असतात. जिवाला धोका असेल तर मी सांगेन, हे डॉक्टरने सुरुवातीलाच सांगितलेले बरे. नंतर सांगितले तर तो विश्वासघात ठरतो.

झोपेचा प्रश्न तर प्रत्येक फेरीत येतो. किशोरवयात मेंदूचे अंतर्गत घड्याळ मागे सरकते, झोप आणणारे मेलाटोनिन बालपणापेक्षा उशिरा पाझरू लागते, आणि तरीही गरज आठ ते दहा तासांच्या झोपेची असते. अशा मुलांना रात्री लवकर खोलीत बंद केले की ती तासन्‌तास अंधारात जागी राहतात. ज्यांच्यावर पूर्वी रात्रीच अत्याचार झाले त्यांच्यासाठी व्हरांड्यातील प्रत्येक पाऊल इशाऱ्याचे असते. सकाळी ती सुस्त आणि चिडचिडी दिसतात, आणि कर्मचारी, कधी मुले स्वतःच, झोपेची गोळी मागतात. इथे हात सैल सोडणे सोपे आहे. हवाना नियम सांगतात की औषध केवळ वैद्यकीय कारणासाठी, शक्य तेव्हा समजावून घेतलेल्या संमतीने द्यावे. शिक्षा म्हणून किंवा मुलाला आवरण्याचे साधन म्हणून कधीही देऊ नये. मनोविकारांवरील काही औषधांनी मुले शांत होतात हे खरे, पण त्यांनी वजन आणि रक्तातील साखर वाढू शकते, म्हणून ती दिलीच तर वजन, कंबरेचा घेर आणि रक्ततपासणी यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात आणि ती थांबवण्याची तारीखही कोणीतरी लक्षात ठेवावी लागते.

गोळी मागणारे अधीक्षकच डॉक्टरचा पगार ठरवत असतील तर ‘नाही’ म्हणणे कठीण जाते. नॉर्वेने १९८८ मध्ये तुरुंगांतील आरोग्यसेवा स्थानिक नगरपालिकांकडे सोपवली. इंग्लंडने ती २००६ पर्यंत राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या ताब्यात दिली. अशा व्यवस्थेत डॉक्टर त्या इमारतीचा नोकर राहत नाही, आणि एखाद्या मुलाला एकट्याने कोंडण्यास तो ‘तंदुरुस्त’ असल्याचा दाखला द्यायला नकार देण्याची ताकद त्याला मिळते.

राहून गेलेल्या लसी, किडलेले दात, गर्भतपासणी, लैंगिक संसर्गांच्या चाचण्या ही कामे तुलनेने सरळ आहेत. चांगली परिचारिका आणि नीट ठेवलेली नोंदवही असेल तर ती होतात.

अडते ते सुटकेच्या वेळी. अफूजन्य पदार्थांची सवय असलेल्याची सहनशक्ती काही आठवड्यांत उतरते, आणि बाहेर पडून त्याने पूर्वीचीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. ही गोष्ट मुलाला आणि त्याला न्यायला येणाऱ्याला जाण्याच्या आदल्या आठवड्यातच सांगायला हवी. पण सुटकेची तारीख डॉक्टर ठरवत नाही. न्यायालयात सकाळी गेलेला मुलगा तिथूनच दुसरीकडे पाठवला जातो आणि संध्याकाळी त्याची खाट रिकामी असते. तीन आठवड्यांपूर्वी डोळे तपासून सांगितलेला चष्मा त्यानंतर चार दिवसांनी टपालाने येतो. त्या डबीवर मुलाचा नवा पत्ता लिहून ती पुढे धाडणे, सोबत कानाच्या शस्त्रक्रियेची ठरलेली तारीख आणि चालू औषधांची यादी जोडणे, आणि नव्या डॉक्टरला फोन करून ती पोहोचल्याची खात्री करणे, हे काम नेमके कोणाचे ते मूल आत आले त्याच दिवशी ठरलेले असावे आणि त्या व्यक्तीचे नाव फाईलच्या पहिल्या पानावर असावे.